मुंगीचा खेळ

लुंबिनीबाईंची बालवाडी म्हणजे सगळ्या गल्लीच्या कौतुकाचा विषय. लातुरातली ही गल्ली शिकवण्यांच्या बोर्डांनी भरलेली, आणि त्या बोर्डांखाली इतकी बारकी पोरं इतकी शांत बसतात कशी, याचं ज्याला त्याला नवल. पालक दारातच विचारायचे, "बाई, जादू करता काय हो?" बाई नुसत्या हसायच्या. कौतुक कुणाला नको असतं?

जादू वगैरे काही नव्हती, मुंगीचा खेळ होता. मांडी घालायची, तोंडावर बोट ठेवायचं आणि मुंगी चालल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. जो सगळ्यांत जास्त वेळ गप्प राहील त्याच्या हातावर बाई आपल्या पाकिटातली टिकली लावायच्या.

हा खेळ बाईंनी भूकंपानंतर काढला, औशाकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हा त्या विशीतल्या, कामाला नव्यानं लागलेल्या. रस्त्यावरून ट्रक गेला की पत्रे थरथरायचे आणि सगळी पोरं किंचाळत सुटायची. एकाला जवळ घ्यावं तर दुसरं बाहेर पळायचं. प्रशिक्षणात यावर काही शिकवलेलं नव्हतं. शेवटी एके दिवशी बाईंनी जमिनीवर बसकण मारली, तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, मुंगी ऐका. पोरं ऐकू लागली. मुंगी काही ऐकू आली नाही, पण जमीन हलत नाही एवढं त्यांना समजलं. त्या पोरांना शांतता हवी होती, बाईंनी ती दिली. इथवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढं बाई लातुरात आल्या, त्यांच्याबरोबर खेळही आला. शेडमधली पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, तरी खेळ तोच. माणसाला एखादी गोष्ट साधली की ती तो दिसेल त्याच्यावर वापरत सुटतो, आणि शिक्षकमंडळी त्यात जरा पुढंच असतात.

यंदा वर्गात नीलांबिका आली. देगलूरची. तिचा भाऊ विरूपाक्ष बारावीला, डॉक्टर व्हायला निघालेला. त्याच्या शिकवणीसाठी आई शिवकांता दोन्ही लेकरं घेऊन एका खोलीत येऊन राहिली होती आणि बाप गावाकडं दुकान सांभाळत होता. अशी बिऱ्हाडं या गल्लीत घरोघर. टिकली रोज नीलूच्याच हातावर असायची. "नीलूसारखं बसावं," असं बाई तिला पुढं उभी करून सांगायच्या.

एका सकाळी पोरं डबे घेऊन ओट्यावर बसली. नीलू दिसेना म्हणून बाई आत आल्या. ती दाराआड उभी होती. बिजागरीच्या फटीत तिचं बोट अडकलं होतं, नख काळंनिळं पडलं होतं, गालांवरून पाणी वाहत होतं. दुसऱ्या हाताचं बोट मात्र तिनं तोंडावर घट्ट धरलं होतं. अख्खा वर्ग तिच्या शेजारून गेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

बाईंनी दार ढकलून बोट सोडवलं, माठातल्या पाण्यात धरलं. "अगं, हाक का नाही मारलीस? ओरडायचं की!"

नीलू त्यांच्या कानाशी कुजबुजली, "आवाज केला की दादाचा नंबर लागत न्हाई."

बाईंना आधी तिच्या आईचा राग आला. दुसऱ्याचा राग येणं सोपंच असतं. पण पोरं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून राहिल्या तेव्हा राग आपसूक स्वतःकडं वळला. घरी दिवसभर गप्प बसवलेल्या लेकराला आपण इथंही गप्प बसवलं, वर बक्षीस दिलं. शांत मूल कोणतं आणि दबलेलं मूल कोणतं, हे ओळखण्यासाठीच तर आपल्याला इथं बसवलंय. ते ओळखता आलं नाही, कारण गप्प वर्ग सोयीचा होता. बाईंना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद झाला. पोरं बेंबीच्या देठापासून गाणी म्हणू लागली. पालकांनी नाकं मुरडली. नीलू बरेच दिवस नुसते ओठ हलवत राहिली, मग एकदा तिचा आवाज फुटला आणि फुटला तो थांबेचना.

तेव्हा शिवकांता दारात येऊन उभी राहिली. "बाई, पोरगी घरात बी गाणी म्हणायली. घरमालक म्हणतो, बाकीच्या खोल्यांतल्या पोरांचा अभ्यास मोडतो, खोली खाली करा. पेपर तोंडावर आला, आता कुठं जाऊ मी? तुमचा तो खेळ परत चालू करा, न्हाईतर हिला देगलूरला आज्जीकडं धाडते."

आईचंही खोटं नव्हतं. संध्याकाळी बाई शिवकांताच्या खोलीवर गेल्या. विरूपाक्ष भिंतीकडं तोंड करून पुस्तक उघडून बसला होता. कोपऱ्यात नीलूच्या कपड्यांची पिशवी भरलेली होती आणि नीलू तिच्याशेजारी मुकाट बसली होती.

"ताई," बाई हळूच म्हणाल्या, "तिला गप्प बसायला मीच शिकवलं. आता पुन्हा ते माझ्याच्यानं होणार नाही."

"मग सकाळच्या गाडीनं धाडते."

"मम्मी, तिला धाडू नको." विरूपाक्ष मागं न वळताच बोलला.

"आरं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना?"

"ठावं हाय. पण तुम्ही दोघी अशा गप्प बसलात की मला वाटतं घरात कुणीतरी मेलंय. पुस्तकातलं काईच डोक्यात शिरत न्हाई. लई भ्या वाटतं, मम्मी."

शिवकांता पोराच्या पाठीकडं बघत राहिली. डोळ्यांना पदर लावून ती उठली, खिडकी ओढून घेतली, दाराला कडी घातली आणि नीलूपुढं येऊन बसली.

"म्हण," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."