भिंतीकडेचे वाफे

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. शंभर वर्षांची दगडी शाळा पाडून नवी इमारत उठवायला सगळे टपले होते, तेव्हा या एकट्या कंबर कसून उभ्या राहिल्या. शाळा वाचली. मग त्यांनी अंगणातलं डांबर उखडून गवत लावलं आणि भिंतीच्या कडेकडेने वाफे केले, मधली जागा खेळायला मोकळी राहावी म्हणून. नियमही घातला: घंटा झाली की बाटलीत उरलेलं पाणी आपापल्या वर्गाच्या वाफ्यात ओतायचं. चारशे मुलं, चारशे बाटल्या. मुलांना काय, पाणी ओता म्हटलं की स्वर्गच! काही लबाड तर निघताना बाटली मुद्दाम नळावर भरून घेत.

शाळेची डागडुजी करणाऱ्या गवंडीकाकांनी तेव्हाच बजावलं होतं, "बाई, चुन्यात बांधलेली भिंत आहे, पाणी मुरलं तर सांधे सुटतील. वाफे चार हात लांब ठेवा."

"काका, तुम्हाला झाडांचं वावडंच आहे," म्हणून बाई हसल्या होत्या.

सहा वर्षांत वेली छपराला भिडल्या. लोक फोटो काढायला येऊ लागले. वेलींमागे भिंतीचं पोट सुटलंय, हे कुणाला दिसणार?

आज तपासणीला आलेल्या इंजिनिअरने वेल बाजूला सारून दगडांच्या सांध्यात बोट घातलं. ते सहज आत गेलं.

"पाणी बंद केलं तर?" बाईंनी विचारलं. "वाफे आजच काढते. सगळे काढते."

"पाया खचलाय, बाई. आता इमारत उतरवण्यावाचून इलाज नाही. मुलांना आत्ताच बाहेर काढा."

बाईंनी शेजारी उभ्या गवंडीकाकांकडे पाहिलं. 'मी सांगितलं होतं' असं त्यांनी ऐकवलं असतं, तरी बाईंना बरं वाटलं असतं. काका मुलांना बाहेर काढायला वर्गांकडे वळले. अति तिथे माती, खरं आहे; पण अति मायेचंच झालं तर बोल कुणाला लावायचा? ज्या शाळेला बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही, ती त्यांच्याच हातून गेली होती.

वर्ग एकेक करून बाहेर आले आणि भिंतीपासून लांब, गवतावर बसले. पहिलीतल्या एका चिमुरडीने बाईंचा हात ओढला.

"बाई, आता रोज इथेच बसायचं?"

"हो."

ते ऐकून अख्खा वर्ग टाळ्या पिटायला लागला, आणि बाईंना त्यांना गप्प करता येईना.