काशीत सोडलेले वाल

नानकटाईचा पहिलाच घास घेतला आणि कुमुदताईंनी वालांची चव ओळखली. कितीतरी वर्षांनी ती जिभेवर आली होती.

"बाबांच्या डायबेटीससाठी साखर निम्मी केली आणि मैद्यात उकडलेले वाल वाटून घातले," सून रुचिरा म्हणाली. पीठ मळून तिनेच ते पनवेलच्या बाजारातल्या बेकरीत भाजायला नेलं होतं.

तिचे सासरे कृष्णकांत खवळले. "अगं, हिने काशीला वाल सोडलेत! नेम मोडलास तिचा!"

तीन नानकटाया फस्त करून हा माणूस पोरीवर तोंड टाकत होता! कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काशीला आवडीचा पदार्थ सोडायचा असतो. वालांच्या वासाने आपल्याला मळमळतं म्हणून कृष्णकांतांनीच त्यांना गंगेत उभं करून वाल सोडायला लावले होते. स्वतः मात्र सोडलं कारलं, जे जन्मात कधी पानात वाढून घेतलं नव्हतं.

"तिच्यावर ओरडू नका," त्या कडाडल्या. "नेम कसला? तुमची सोय होती ती! आज या घरात वालाचं बिरडं होणार."

"आणि मी काय खाऊ?"

कुमुदताईंनी नानकटाईचा डबा स्वतःकडे ओढला.

"कारलं खा. डायबेटीसला चांगलं असतं."