सारजाचं पार्सल

"हॅलो, सारजाबाई का? पार्सल हाय तुमचं. वस्ती नेमकी कुठं आली?"

सारजानं फोन कानाला घट्ट दाबला. ओठांनी "ओढ्याच्या अलीकडं" असं नीट म्हटलं, पण आवाज निघाला नाही. निघणार नव्हताच.

"हॅलो? अवो, आवाज येत न्हाय."

तिनं फोन ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मग पितळी वाटी उचलून चमच्यानं वाजवली. पलीकडून गाडीचा आवाज येत होता, कुणीतरी हॉर्न देत होतं.

"कोण हाय तिकडं? काय वाजतंय?" माणूस वैतागला आणि त्यानं फोन ठेवला.

थोड्या वेळानं पुन्हा रिंग आली. सारजा फोन घेऊन अनवाणीच रस्त्यापर्यंत पळाली. निमगाव केतकीकडून दोन मोटारसायकली आल्या आणि पुढं निघून गेल्या. ती हात वर करून उभी होती, पण रस्त्याकडेला हात करणारी बाई एसटीचीच वाट बघत असणार, असं कुणालाही वाटलं असतं. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

त्या पार्सलात तिचं बोलायचं यंत्र होतं.

तीन वर्षांपूर्वी घशातली गाठ काढताना डॉक्टरांना तिचं स्वरयंत्रच पूर्ण काढावं लागलं होतं. तेव्हापासून ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायची आणि त्यावर सुती कापडाचा रुमाल बांधायची. कुजबुजसुद्धा जमत नव्हती. मग बारामतीच्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला ते यंत्र मिळवून दिलं. हातात मावणाऱ्या बॅटरीसारखं. हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि तोंडानं शब्द करायचे. आवाज निघायचा तो एकसुरी, घुमणारा. लग्नाआधी कळस गावी बापाची मेंढरं राखताना तिची हाक कालव्याच्या पल्याड जायची. तो आवाज हा नव्हता. पण शब्द तिचे होते. बाजारात ती पुन्हा मेथीची जुडी हातात धरून भाव सांगायला लागली होती.

महिन्यापूर्वी यंत्र पाण्याच्या बादलीत पडलं. दवाखान्यातल्या बाईंनी ते दुरुस्तीला बंगळुरूला पाठवलं. ते दुरुस्त होऊन आलं होतं, आणि दारापासून परत गेलं.

संध्याकाळी तिचा नवरा मानसिंग बारामतीच्या मार्केट यार्डातून घरी आला. तो तिथं हमाल होता. साठीला आला तरी अजून पोती उचलायचा. सारजानं त्याच्यापुढं फोन धरला. इंग्रजी मेसेज होता. त्यानं शेजारच्या रेश्माकडून तो वाचून आणला.

"गिऱ्हाईकाकडनं प्रतिसाद न्हाय, असं लिवलंय," तो दारातच म्हणाला. तिच्याकडं न बघता त्यानं चप्पल काढली. "पार्सल माघारी गेलं."

सारजा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं मानसिंगला वाटलं, पण ती हसत होती. थोडं हसली आणि मग हातातली वाटी तिनं भिंतीवर फेकून मारली.

दोन दिवसांनी दवाखान्यातल्या बाईंचा निरोप आला. यंत्र बंगळुरूला पोचलं, की तिथले लोक ते पुन्हा पाठवणार होते.

"या बारीला माझा नंबर देतो," मानसिंग म्हणाला. "यार्डातनं बोलतो मी त्या माणसाशी."

सारजानं नाही अशी मान हलवली. तिची एक वही होती, दोरीनं पेन बांधलेली. सातवीपर्यंतची शाळा आता उपयोगी पडत होती. तिनं लिहिलं, *पार्सल माझं आहे. नंबर माझाच.*

"अगं, पण फोन आल्यावर बोलणार कशी?"

तिनं 'माझाच'खाली रेघ ओढली. दुकानात, दवाखान्यात, एसटीत आता सगळे मानसिंगलाच विचारायचे. काय घ्यायचंय त्यांना? कुठं दुखतंय त्यांना? ती शेजारी उभी असायची आणि मानसिंग सांगायचा. तो चुकीचं काही सांगायचा नाही. तरीही.

रविवारी दोघं निमगावात सुयोगच्या मोबाइलच्या दुकानात गेली. सुयोग पस्तिशीचा, सारजाच्या हातची मेथी खाऊन वाढलेला.

"काकू, पार्सल कुठवर आलंय ते फोनवरच दिसतं," तो म्हणाला. "ॲप घ्यायचं. कवा येणार ते आधीच कळलं, म्हंजी तात्या त्या दिवशी घरी थांबतील."

तिनं फोन त्याच्यापुढं ठेवला आणि स्टूल ओढून काउंटरला लागूनच बसली, पडदा दिसेल अशी.

सुयोगनं पहिलं ॲप उतरवलं. सगळ्या कुरिअर कंपन्यांची पार्सलं त्यात दिसतात, म्हणाला. उघडल्याबरोबर कसलीशी जाहिरात नाचायला लागली. ती गेली तर ॲपनं फोनमधले नंबर बघायची परवानगी मागितली, मग मेसेजची, मग फोटोंची.

"हो म्हटल्याबिगर फुडं जात न्हाय ते," सुयोग म्हणाला.

सारजानं वही ओढली. *पार्सल बघायला माझे फोटो कशाला?*

सुयोगला हसू आलं. "बराबर हाय तुमचं." त्यानं ते काढून टाकलं.

दुसरं ॲप उघडताच दुकानात एका बाईचा आवाज घुमला. "आपले पार्सल बंगळुरू येथून निघाले आहे." गोड, स्वच्छ, शहरातल्या शिकलेल्या बाईसारखा आवाज.

मानसिंगचा चेहरा उजळला. "हे ब्येस हाय की! वाचायला बी नको. परत लाव बरं."

सुयोगनं पुन्हा लावलं. आपले पार्सल बंगळुरू येथून निघाले आहे.

"हेच घिऊ," मानसिंग म्हणाला. "सारजे, हेच घिऊ ना?"

  सारजानं नाही अशी मान हलवली.

"अगं का? चांगलं सोप्पं हाय."

तिनं लिहिलं आणि वही दोघांच्या मध्ये सरकवली.

*घरात दुसऱ्या बाईचा आवाज नको.*

मानसिंगनं ते वाचलं. सुयोगनंही वाचलं आणि उगाचच काउंटरवरची धूळ पुसायला लागला. मानसिंगनं वही मिटून तिच्याकडं सरकवली. मग हळूच म्हणाला, "सुयोग, दुसरं बघ बाबा."

तिसरं ॲप त्या कुरिअर कंपनीचं स्वतःचंच होतं. त्यात एकाच कंपनीची पार्सलं दिसायची. दिसायला रूक्ष, उघडायलाही वेळ घेत होतं. पण मराठीत होतं, अक्षरं मोठी होती आणि परवानग्या मागत नव्हतं. सुयोग पुढं काही बोलणार, तोच सारजानं पडद्याच्या तळाशी बोट टेकवलं. तिथं एक रिकामी चौकट होती. वर लिहिलं होतं: पार्सल आणणाऱ्यासाठी सूचना.

"हितं आपुण लिवायचं," सुयोग म्हणाला. "आणणाऱ्याला निघताना ते दिसतं. लोक लिवत्यात, कुत्रं हाय, गेट उघडं हाय, असलं काय बाय."

सारजानं फोन स्वतःकडं घेतला. एकेक अक्षर शोधून ती लिहीत होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मानसिंग बाहेर जाऊन चहा सांगून आला. चहा आला आणि गार झाला.

"काकू, जागा थोडी हाय, सगळं बसायचं न्हाय," सुयोग म्हणाला. "ह्यातलं 'ऐकू येतं' काढा. बाकी कळतंय की."

तिनं जोरात नकाराची मान हलवली. महिनाभर बाजारातल्या बाया तिच्याशी ओरडून बोलत होत्या, हातवारे करत होत्या. तिनं स्वतःचं नाव खोडलं, गावाचं नाव खोडलं, कारण ते पत्त्यात होतंच. शेवटी उरलं ते असं:

*बोलता येत नाही. ऐकू येतं. फोन करा, मी उचलते. प्रश्न विचारा. हो असेल तर दोन टाळ्या, नाही तर एक.*

"हेच ठेवायचं?" सुयोगनं विचारलं.

सारजानं दोन टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर ती दिवसातून चार-पाच वेळा ॲप उघडायची. पार्सल वाटेत होतं. पार्सल पुण्यात पोचलं. मग दोन दिवस पुण्यातच बसलं. सारजा शेतातल्या पाटावर बसून फोनकडं रागानं बघायची. बाजाराच्या दिवशी तिनं पुठ्ठ्यावर भाव लिहून नेले. एका बाईनं तिला मोठ्यांदा ओरडून विचारलं, "हा पालक आजचा का?" किती ताजा आहे ते कळावं म्हणून सारजानं पालकाच्या देठाचं पाणी तिच्या हातावर झटकलं. घरी मानसिंग जेवायचा, ताट धुवायचा, झोपायचा. "बारामतीत आलं का?" एवढंच विचारायचा.

गुरुवारी सकाळी ती भाकरी थापत असताना फोन वाजला. पीठ लागलेल्या बोटानंच तिनं पडदा सरकवला. *आपले पार्सल आज वाटपासाठी निघाले आहे.*

"मी राहतो घरी," मानसिंग म्हणाला. त्यानं डब्याची पिशवी खुंटीला परत अडकवलीही.

सारजानं ती काढली आणि त्याच्या हातात दिली. तो दारात घुटमळला. तिनं त्याला पाठीला हात लावून रस्त्याकडं वळवलं.

अकराला फोन आला. तिनं तो उचलून ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

 पलीकडून एक बाप्या माणूस, जरा संकोचून, म्हणाला, "मावशी... मी पार्सलवाला. तुमची सूचना वाचली मी. ऐकू येतंय ना?"

दोन टाळ्या.

"बरं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभा हाय. आजून फुडं यायचं?"

दोन टाळ्या.

"मग ओढा लागल. ओढ्याच्या पल्याड जायचं?"

एक.

"अलीकडंच. डाव्या हाताला वळू?"

एक.

"मंजी उजव्या?"

दोन. इतक्या जोरात, की कोंबड्या उडाल्या.

"आलोच. मावशी, आन् एक... कुत्रं चावतंय का?"

सारजाला हसू फुटलं. ते त्याला ऐकू जाणार नव्हतं. तिनं एक टाळी वाजवली.

तो पन्नाशीचा माणूस होता, उन्हानं रापलेला. रणजित नाव सांगितलं. त्यानं ओटीपी विचारायच्या आधीच तिनं फोनवर आलेला तो आकडा त्याच्यापुढं धरला. त्याच्या फोनवर बोटानं सही करायची होती. तिनं सावकाश पूर्ण "सारजा" लिहिलं. वेलांटी-उकार नाहीतच त्या नावात, तरी तिला वेळ लागला. तो थांबला.

खोकं हातात देऊनही तो जाईना.

"मागच्या बारीला मीच आलतो," तो म्हणाला. "वाटी वाजत होती. मला वाटलं पोरं खेळत्यात फोनवर." त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मला म्हाईत असतं तर मी गाव पालथं घातलं असतं, मावशी."

सारजानं हातानंच असू दे म्हटलं आणि आतून तांब्याभर ताक आणलं. तो उभ्यानं प्यायला.

तो गेल्यावर तिनं खोकं उघडलं. नवं बटण होतं. यंत्राच्या पोटातला सेल मात्र रिकामा होता, म्हणून तिनं ते चार्जिंगला लावलं आणि त्याच्यासमोरच बसून शेंगा फोडल्या. लाल दिवा हिरवा व्हायला दुपार टळली. तरीही तिनं ते गळ्याला लावलं नाही.

मानसिंग उतरत्या उन्हात आला. ती दारात उभी होती. तिनं यंत्र हनुवटीखाली टेकवलं.

"हातपाय धुवा. च्या ठेवलाय."

तोच एकसुरी, घुमणारा आवाज. मानसिंग अंगणातच थांबला. डब्याची पिशवी त्यानं खाली ठेवली, कुठं ठेवतोय ते न बघताच, मग पायरीवर बसला आणि चेहऱ्यावरून गमछा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

मग ती बोलत सुटली. पाण्याची टाकी, ओढा, उजवा-डावा हात, कुत्र्याचा प्रश्न. पुण्यात दोन दिवस अडकलेलं पार्सल. पालकाच्या देठाचं पाणी. चहा झाला, भाकरी झाली, तरी तिचं संपेना. मानसिंग हं हं करत होता. बोलता बोलता ती थांबली.

"आन् तुमी?"

"मी काय?"

"मी वहीत लिवत हुती. पर तुमी बी इतके दिस तोंड उघडलं न्हाय. नुसती मान हलवायचा. मला काय ऐकू येत न्हवतं व्हय?"

मानसिंगनं शेंगांची टरफलं एका जागी गोळा केली.

"तू गप बसल्याली," तो म्हणाला, "आन् मीच बडबडायचं. तुझ्याम्होरं एकट्यानं बसून गोड खाल्ल्यासारखं वाटायचं बघ."

 सारजानं बटण दाबलं. "आता बोला."

"काय बोलू?"

"काय बी."

 मग तो सांगायला लागला. यार्डात ज्वारीच्या पोत्यांमागं एक मांजर व्यालं होतं. चार पिल्लं, एक पार पांढरं. त्याच्या जोडीदारानं, मोहनरावानं, पहिल्यांदा बघितली. तेव्हापासून बारा दिवस त्या कोपऱ्यातल्या चार पोत्यांना एकाही हमालानं हात लावला नव्हता. माल उचलायचा तो चहूबाजूंनी, आणि ती चार पोती तशीच उभी. व्यापारी रोज बोंबलायचा.

सारजानं यंत्र गळ्यापासून काढलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी झाकलं. मानसिंग थांबलेला बघून तिनं नुसत्या ओठांनी विचारलं, मग?

"मग काय," मानसिंग म्हणाला, "एक दिवस तो व्यापारी सोताच आला पोतं उचलायला..."