चांदफळीचं तिसावं घर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मधमाश्यांच्या लाडक्या लिंडन झाडाची. आकाराने पोळपाटाएवढी, रंगाने काळपट, आणि नाक जवळ आणलंत तर आंबवलेल्या कोबीचा वास येणारी. तो वास का येतो ते पुढे सांगते. बाजारात मांडलीत तर मला कुणी फुकटही उचलणार नाही. पण व्होल्गेकाठच्या जंगलातल्या आमच्या मारी लोकांच्या गावात एक काळ असा होता, की माझ्याकडे एक नजर टाकल्याशिवाय कुणी कोंबडी अंड्यांवर बसवत नसे. घरातले मला चांदफळी म्हणतात.

मला इझिबाय नावाच्या माणसाने घडवलं. झाड तोडण्याआधी तो त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहिला आणि त्याने झाडाची परवानगी मागितली. चंद्र उतरत असताना तोडलेलं लाकूड किडत नाही, म्हणून त्याने दिवसही तसाच निवडला. दोन हिवाळे मला भट्टीच्या वर ठेवून वाळवलं. मग तापवलेल्या तारेने माझ्या अंगावर गोल रिंगण करून घरं पाडली. एका संध्याकाळचं एक घर. कडेने महिन्यांच्या खाचा केल्या आणि प्रत्येकीशेजारी खूण कोरली: हिमवादळाची, पुराच्या पाण्याची, नांगराची, फुलाची, विळ्याची, खळ्याची. एक खाच त्याने रांगेबाहेर काढली, बिनखुणेची. तुमच्याकडे अधिक महिना येतो ना, तशी ती आमच्याकडची. चंद्र वर्षाच्या पुढे पळायला लागला, की त्याला तिथे बसवून दम घ्यायला लावायचा.

माझ्या दोन खुंट्या आहेत. थोरली महिन्याची, धाकटी रोजची. धाकटी दर संध्याकाळी एक घर पुढे सरकते. पण तिसावं घर इझिबायने बाकीच्यांपेक्षा खोल पाडलं. कारण एकोणतिसाव्या घरानंतर चंद्र कधी लगेच येतो, कधी आणखी एक संध्याकाळ काढतो, आणि ढग असले तर कितीही संध्याकाळी काढतो. तोवर खुंटीने तिसाव्या घरात थांबायचं. नवी कोर कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तरच तिने पहिल्या घरात यायचं. नुसतं मोजून नाही. तो मोठा शिस्तीचा माणूस होता.

मग अशी वर्षं आली, की देवराईत जाऊन प्रार्थना करणाऱ्यांची नावं लिहून घेतली जाऊ लागली. इझिबायने मला उपडं केलं आणि कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं, वर एक धोंडा. सरकारी माणसं घरात येऊन झडती घेऊन गेली. एकाने तर माझ्यावर कोपर टेकून आमच्या आंबट क्वास पेयाचा अख्खा पेला रिचवला. माझ्या पोटाकडचे सगळे महिने खारट पाण्याच्या वाफेत अंधारात बसून होते. तेव्हापासूनचा हा वास. मला त्याची लाज वाटत नाही. झाकण म्हणून मी उत्तम होते. कोबी कधी नासला नाही.

इझिबायची लेक उनावी लग्न होऊन सासरी निघाली, तेव्हा आहेराच्या पेटीत सगळ्यात खाली, भरतकाम केलेल्या झग्यांमध्ये गुंडाळून, मी होते. तिच्या नव्या घरात मला मावळतीच्या खिडकीशेजारी खिळा मिळाला. मित्रांनो, ती माझी भराची वर्षं. लाकूड कधी तोडू, जावळ कधी काढू, कोबी कधी खारवू, सगळं गाव विचारायला यायचं. सगळ्यात जास्त विचारणा व्हायची ती शोरिकयोलची. शोरिकयोल म्हणजे मेंढीचा पाय. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस सरला, की त्यानंतरची पहिली कोर ज्या संध्याकाळी दिसेल, तिच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हा सण. पोरंसोरं घरोघरी मेंढवाड्यात शिरतात, मेंढ्यांचे पाय धरून हलवतात आणि कळप वाढो म्हणतात. तीन पदरी धिरडी असतात, अक्रोड-बदामांऐवजी आमचे रानातले टणक हेझल असतात. घरात तान्हं मूल असेल, तर त्याच्या पहिल्या शोरिकयोलला बाप त्याची मूठ मेंढीच्या पायाला लावतो. एकदा ढगांमुळे सण चार दिवस रखडला होता. धिरडी इतकी वातड झाली, की शेजारच्या तोक्तायने त्यांचे बुटात घालायला तळवे कापतो म्हणून सांगितलं.

हा तोक्ताय म्हणजे उनावीचा जन्माचा छळवादी. दर महिन्याला कुंपणावरून विचारायचा, "काय उनावी, उगवला का तुझा चांदोबा?"

"तुझं टक्कल मधे आलंय," ती म्हणायची, "त्याच्या उजेडात दिसेना."

पुढे तोक्तायला त्याच्या लेकाने फोन आणून दिला. त्यात चंद्राचं सगळं वेळापत्रक होतं, पुढच्या शंभर वर्षांचं. तो मिरवत मिरवत आला आणि फोन माझ्यासमोर धरला. उनावीने शांतपणे विचारलं, की फोनला चंद्र दिसतो का? दिसत नाही, पण कळतं, तो म्हणाला. "मग शोरिकयोलला धिरडी त्यालाच वाढ," ती म्हणाली. पण हळूहळू लोक विचारायला येईनासे झाले, हे खरं. माझ्या खाचांत धूळ बसली. सणाचा दिवस तेवढा अजून माझ्यावरून ठरायचा.

अशातच एका संध्याकाळी उनावी अंगणात जाऊन आली आणि म्हणाली, दिसला. तिची सून आय्विका दारात उभी होती. तिने पाहिलं होतं, की सासूबाई मावळतीकडे नाही, गोठ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

आय्विका पुढे झाली, सासूच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला हळूच वळवलं आणि कानाशी म्हणाली, "इकडं, आई. भुर्जाच्या शेंड्याच्या डावीकडं."

उनावीने तिचा हात आपल्या खांद्यावर तसाच दाबून धरला. बराच वेळ. तिला आता नुसता उजेड आणि सावली एवढंच दिसत होतं, आणि ते गावाला कळू द्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून सून लाकडांच्या ढिगावर चढून पाहायची आणि सासू खाली उभी राहून मान वर करायची. माझी खुंटी मात्र उनावीच सरकवायची, बोटांनी घरं चाचपत. त्या बोटांचा स्पर्श मला इतका पाठ होता, की ती आज थकलीय की खुशीत आहे, ते मला पहिल्या घराशीच कळायचं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी एवढं बोलले.

उनावीचा लेक यानिगित दूर उत्तरेला गॅसच्या विहिरींवर कामाला असतो. दोन महिने तिकडे, एक महिना घरी. त्या वर्षी घरात पियाल्चे आली होती, यानिगित-आय्विकाची पहिली मुलगी. हिवाळ्यात बाप घरी आला तेव्हा ती चार महिन्यांची होती. आधी दोन दिवस त्याला पाहून रडली, मग त्याच्या दाढीत बोटं घालून झोपायला लागली. तिची मूठ मेंढीच्या पायाला लावायला यानिगितने एक धष्टपुष्ट करडी मेंढी हेरून ठेवली होती. तिला रोज वेगळा वाळवलेला पाला घालायचा आणि म्हणायचा, माझ्या लेकीला लाथ मारलीस तर बघ.

रेल्वे स्टेशनला नेणारी त्याची बस बुधवारी दुपारची होती. मंगळवारी माझी खुंटी एकोणतिसाव्या घरात होती. त्या संध्याकाळी चंद्र दिसला, तर बुधवारी पहाटे सण आणि बाप हजर. नाही दिसला, तर नाही. ठेकेदार एक दिवसही थांबायचा नाही. गाडी चुकली तर काम गेलं.

मंगळवारी आकाश गोधडीसारखं जाड होतं. आय्विका लाकडांच्या ढिगावर चढली. यानिगित आत बाळाला जोजवत होता, त्याचं गुणगुणणं मला ऐकू येत होतं आणि खिडकीतून तिलाही येत असणार. ती खूप वेळ उभी राहिली. मग खाली उतरून आत आली, बुटांचा बर्फ न झटकताच.

"दिसला, आई," ती म्हणाली.

उनावीचा हात माझ्यावर आला. बोट खुंटीवर ठेवून तिने विचारलं, "कसा होता?"

"बारीकसा. आडवा. वाटीसारखा."

खुंटी हलली नाही. बोट खुंटीवरून उचललं गेलं.

"वाटीसारखा चंद्र बर्फ वितळायला लागल्यावर येतो, पोरी," उनावी अगदी हळू आवाजात म्हणाली, आतल्याला ऐकू जाणार नाही असं. "शोरिकयोलचा उभा असतो."

आय्विका भिंतीला टेकली. रडू आलं ते तिने ओढणीत दाबून धरलं. मला वाटलं होतं उनावी रागावेल. ती तिच्याशेजारी बाकावर बसली आणि तिच्या बुटांचा बर्फ हातांनी झाडू लागली.

"माझ्या पोटात काय वेगळं आहे का? मी आई आहे त्याची. पण उद्या रात्री तोक्तायचा लेक येतोय शहरातून, परवाचा सण धरून. माझ्या लेकासाठी मी चंद्र अलीकडं ओढला, तर त्याच्या लेकानं काय करायचं?" मग थोडी थांबून ती म्हणाली, "माझी नजर गेली म्हणून मी तुझी उसनी घेतली. देतेस तर खरी दे गं. खोटी तर माझ्याकडं आहेच."

यानिगितला हे कुणी सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं, की आज दिसला नाही. तो बरं म्हणाला आणि उठून करड्या मेंढीला पाला घालायला गेला. परत यायला त्याला बराच वेळ लागला.

बुधवारी दुपारी तो निघाला तेव्हा उनावीने त्याच्या पिशवीत उकडलेल्या बटाट्यांचं आणि धिरड्यांचं गाठोडं कोंबलं, त्याच्या टोपीची कानपट्टी ओढून नीट केली आणि म्हणाली, "रेल्वेत मावळतीकडची खिडकी धर. लहान नाहीस, पण धर."

त्या संध्याकाळी बर्फ पडायला लागला. निम्मं गाव आमच्या घरात जमलं होतं. खुंटी तिसाव्या घरात होती. आय्विका ढिगावर तीनदा चढली आणि तीनदा उतरून म्हणाली, नाही दिसत, आई. तिसऱ्या वेळी तिचा आवाज इतका स्वच्छ होता, की उनावीने मान डोलावली. बायका पिठाच्या परातीकडे बघायला लागल्या. तोक्ताय म्हणाला, की त्याच्या बुटांचे तळवे झिजलेच आहेत, धिरडी वातड होऊ द्या.

तेवढ्यात आय्विकाचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. आधी रुळांचा खडखडाट आला, मग यानिगितचा आवाज.

"आई, इथं ढग फाटलेत. दिसला."

उनावी उभी राहिली.

"कसा आहे?"

"उभा आहे. जरा मागं रेललाय. तोक्तायकाका बिअर पिऊन दाराला टेकतात ना, तसा."

"माझंच नाव सापडलं होय याला," तोक्ताय पुटपुटला, आणि सगळे हसले. उनावी हसली नाही.

"तू पाहिलास? स्वतः?"

"माझ्या डोळ्यांनी, आई. काचेवरचा बर्फ नखानं खरवडून. अजून बघतोय."

"मग बघत राहा," उनावी म्हणाली. तिने सुनेला हाक मारली. आय्विकाने झोपाळलेल्या पियाल्चेला खांद्यावरून उतरवून माझ्यासमोर धरलं. उनावीने बोटांनी आधी खुंटी शोधली, मग नातीची मूठ. ती इवलीशी, दुधाचा वास असलेली मूठ माझ्या खुंटीला घट्ट चिकटली आणि तिसाव्या घरातून पहिल्या घरात आली. मित्रांनो, माझ्या अंगावरून किती हात गेले असतील. पण बापाने दूरवरून पाहिलेला चंद्र लेकीने घरी आणून बसवला, असं तेवढं एकदाच झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे करड्या मेंढीने कुणाला लाथ मारली नाही.

मग उनावीने एक गोष्ट केली. सगळे पांगायच्या आत तिने गावाला सांगून टाकलं, की दोन वर्षं झाली, मला दिसत नाही, डोळे माझ्या सुनेचे आहेत. तोक्ताय म्हणाला, "ठाऊक होतं. माझं टक्कल दिसतं म्हणायचीस ना, मी तर टोपी घालून यायचो."

आता मी फार जुनी झाले. दोन घरांमध्ये चीर गेली आहे, आय्विकाने तिथे मेण भरलं आहे. फोन आता घरातही आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. तो चंद्र कुठे असेल ते सांगतो, मी फक्त कुणाला तरी बाहेर पाठवते. तुमच्याही घरात माझ्यासारखं काही जुनं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा हातात धरून बघा. त्यावर कुणाची तरी बोटं अजून असतात. आणि घरात कुणाची नजर मंद झाली असेल, तर त्यांना तुमची द्या. फक्त खरी द्या.

आज माझी खुंटी तिसाव्या घरात आहे. पियाल्चे शाळेतून आली ती थेट लाकडांच्या ढिगावर चढली आहे. खाली उनावी भिंतीला टेकून मान वर करून उभी आहे.

"कसा आहे गं?"

पियाल्चे टाचा उंचावून भुर्जाच्या शेंड्याकडे बघते. मग ती म्हणते, "अजून नाही, आजी."

तिचं हे 'अजून नाही' मला फार आवडतं. मी थांबते.