भावजींचे मरण

मालिकेतल्या भावजींवर जितकी संकटे कोसळली, तितकी एखाद्या अख्ख्या गावावरही कोसळली नसतील. लग्ने ऐन वेळी मोडली, दुकान उद्घाटनाच्याच दिवशी जळाले, आणि एकदा तर स्वतःच्या सत्काराची कमान त्यांच्याच डोक्यावर आली. तरी घरोघरच्या बायका त्यांच्यावर जीव टाकीत. ती भूमिका करणाऱ्या नटालाही सारे जग भावजीच म्हणे. फळवाली तर तराजूत एक फळ जास्तीचे टाकून म्हणायची, "खा हो भावजी, तुमच्या नशिबात दुसरं सुख ते काय!"

त्या सकाळी मेकअपच्या खोलीत लेखकाने नजर चुकवीत त्यांच्या हाती कागद दिले. भावजी आज मरणार होते.

"अहो, मी तुमचं काय घोडं मारलंय?"

"वरून हुकूम आहे. प्रेक्षकांना धक्का हवाय."

भावजींनी आरशात पाहिले. केस पिकलेले, चेहरा घरोघरी ओळखीचा. या वयात त्यांना दुसऱ्या कुणाचा भाऊ वा बाप म्हणून कोण उभे करणार? पण ते जुन्या वळणाचे नट होते. मरायचेच तर नीट मरू, असे ठरवून ते इस्पितळाच्या देखाव्यातल्या खाटेवर आडवे झाले.

घाई विलक्षण होती. भाग त्याच संध्याकाळी दाखवायचा होता, आणि ती खाट दुपारी शेजारच्या मालिकेत बाळंतपणासाठी जायची होती.

वहिनी आल्या. पहिल्या भागापासून वहिनींचे काम करणाऱ्या या बाई आत शिरल्या, की दिग्दर्शकसुद्धा खुर्ची सोडून उभा राहत असे. आज त्यांनी फक्त हंबरडा फोडायचा होता. त्यांनी भावजींचा हात धरला, डोळ्यांना रुमाल लावला आणि खणखणीत आवाजात विचारले, "डॉक्टर, धोका टळला ना?"

भावजींचा प्रत्येक अपघात आजवर याच वाक्याने मिटला होता. त्यामुळे डॉक्टर झालेला नट सवयीने बोलून गेला, "चमत्कारच म्हणायचा, बाई!" आणि खुद्द मृताने कण्हत डोळे उघडले. "वहिनी, दुकानाला कुलूप लावलंय ना?"

"कट!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "मेलेला माणूस कुलपाची चौकशी करतो?"

"जिभेला वळण पडलंय हो," भावजी ओशाळून म्हणाले.

"पुन्हा घ्या!"

पण शेजारची माणसे खाटेचे पाय धरून उभीच होती. "साहेब, आमची बाई तिकडे कळा देत उभी आहे. खाट सोडा."

दिग्दर्शक वहिनींकडे वळला. "बाई, तुमचं वाक्य चुकलं."

"माझं?" वहिनींनी चष्मा चढवला. "इतक्या वर्षांत माझं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. चूक असेलच, तर ती तुमच्या कागदात असेल. लेखकाला म्हणावं, नीट लिहायला शिका."

दिग्दर्शकाने हात जोडले आणि खाट न्यायला सांगितली. जे टिपले होते, तेच संध्याकाळी जाणार होते.

कोपऱ्यातून हे पाहणाऱ्या लेखकाने दातओठ खात पेन उघडले. "बरं, वाचले म्हणा. पण दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. आणि वाचा गेली!"

"पाय घ्या," भावजी खाटेवरून घाईघाईने उतरत म्हणाले, "हवं तर एक हातही घ्या. पण मुका केलात, तर मला कोण ठेवील हो?"

वहिनींनी चष्म्यावरून लेखकाकडे फक्त पाहिले. त्याने निमूटपणे भावजींची वाचा परत केली.