बटण बाहेरून दाबायचं

टाचणीने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी इंटरनेट कंपनीच्या बाईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"मॅडम, घरगुती कनेक्शनवर सर्व्हर चालत नाही. बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल."

"मी मॅडम नाही, मी बारा वर्षांची आहे. आणि का चालत नाही?"

"सिस्टिममध्ये तसंच आहे."

"तसंच आहे हे काय कारण झालं? असं उत्तर लिहिलं तर शाळेत भोपळा मिळतो."

"वायफायच्या डब्याच्या सेटिंगला हात लावू नका, मॅडम. अजून काही मदत करू शकते का?"

"अजून? आधी एक तरी करा ना!"

फोन बंद झाला. टाचणीने तो पलंगावर आपटला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. पाचपर्यंत काही झालं नाही तर तिला दादापुढे नाक घासावं लागणार होतं, आणि तिचं नाक त्यासाठी बनलेलंच नव्हतं.

दादा म्हणजे मामाचा मोठा मुलगा. कॉलेजात जाणारा, ओठावर नुकतीच मिशी फुटलेला आणि दर दहा मिनिटांनी ती चाचपून बघणारा. टाचणी आणि तिच्या चार मैत्रिणी दोन वर्षं ठोकळे रचायचा एक खेळ खेळत होत्या. पाच घरांतून, पाच स्क्रीनवर, पण जग एकच. त्यात त्यांनी एक बंदर बांधलं होतं, एक दीपस्तंभ, आणि तीनशे बारा पायऱ्यांचा एक जिना. असा खेळ सगळ्यांना एकत्र खेळायचा तर कुणाला तरी ते जग आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बसावं लागतं. त्यालाच सर्व्हर म्हणायचं. आजवर तो दादाच्या घरी होता.

गेल्या रविवारी दादाने फर्मान काढलं होतं. "पुरे झालं ते बांधकाम. आता माझ्याकडे लढाई. जो तीनदा मेला, तो बाहेर."

"आणि गोगलगाय?"

गोगलगाय ही टाचणीची जिवाभावाची मैत्रीण. एका अपघातात तिचा उजवा हात अधू झाला होता, ती नुसत्या डाव्या हाताने खेळायची. हे नाव तिने स्वतःच घेतलं होतं, दुसऱ्या कुणाला चिडवायला ते शिल्लक राहू नये म्हणून. तिच्या वडिलांची बदली झाल्यापासून ती दूरच्या गावी होती. तिला भेटायची जागा म्हणजे ते बंदर, दुसरी नव्हतीच.

"तिने बघत बसावं," दादा म्हणाला होता. "बघायला काय हात लागतो?"

"मग आम्ही आमचं जग आमच्या घरी चालवू."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू? सर्व्हर? घे, जगाची कॉपी पाठवतो. पुढच्या रविवारी पाचच्या आत तुमच्या घराबाहेरचं एक माणूस जरी त्यात आलं ना, तर मिशी उतरवीन. नाहीतर सगळ्यांनी गुमान माझ्याकडे यायचं आणि माझे नियम पाळायचे."

बाकीच्या तिघीही म्हणाल्या होत्या, पाचपर्यंत थांबू, मग मात्र दादाकडे जाऊ. खेळायचं तर आहेच ना. टाचणीला त्यांचा राग आला नव्हता. तिला फक्त एकाच गोष्टीचा राग आला होता: 'बघत बसावं'.

"फोनवर भांडून लिफ्ट सुरू झालेली मी चाळीस वर्षांत पाहिली नाही," दाराशी आबा उभे होते.

आबा म्हणजे आईचे वडील. सगळं आयुष्य त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. इंटरनेट त्यांना कळत नसे, पण बिघाड कळत असे. बिघाडाची जात सगळीकडे एकच, असं ते म्हणत.

"आबा, मी सगळं करून पाहिलंय!"

"सगळं म्हणजे काय काय? वही आण. डावीकडे काय केलं ते लिही, उजवीकडे काय झालं ते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर कोण दोषी ते कळत नाही, आणि निर्दोष माणूस फुकट मार खातो."

टाचणीने धुसफुसत वही आणली. कॉम्प्युटरवर जग सुरू केलं: झालं. आतल्या खोलीतून टॅबलेटने आत शिरून पाहिलं: जमलं. वायफायच्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन खेळाचा पोर्ट उघडला: उघडला.

"पोर्ट म्हणजे?"

"म्हणजे बघा, आपल्या घराचा एक नंबर असतो, तो इमारतीच्या पत्त्यासारखा. आणि पोर्ट म्हणजे कितव्या खोलीत जायचं ते. डब्याला सांगावं लागतं, की या खोलीसाठी कुणी आलं तर माझ्या कॉम्प्युटरकडे पाठव. नाहीतर तो सगळ्यांना दारातूनच हाकलतो."

"शहाणा आहे. मग?"

"मग गोगलगाय बाहेरून आली, तर नाही जमलं. आणि आता ती सारखी विचारतेय, झालं का, झालं का. तिला काय सांगू?"

"तिला सांग, बस जरा. परीक्षा आपण घेऊ. आईचा फोन आण आणि त्याचं वायफाय बंद कर. लिफ्ट आत बसून तपासायची नसते, टाचणे. गाडी, म्हणजे लिफ्टची पेटी, आतून छान चालते, आणि चौथ्या मजल्यावरची माणसं बटण दाबून दाबून थकतात. बटण बाहेरून दाबायचं."

आई शिवणयंत्रावर होती. फोन देताना म्हणाली, "तुझ्या उद्योगांनी तीन दिवसांत नेट अकरा वेळा गेलं. गिऱ्हाइकाला ब्लाउजचा फोटो पाठवेपर्यंत तिचं लग्न होऊन मूल होईल."

फोनवरून, म्हणजे घराबाहेरच्या वाटेने, टाचणीने घराचा नंबर टाकला. चक्र गरगर फिरलं आणि थांबलं. जोडता आलं नाही.

"लिही," आबा म्हणाले. "नाही जमलं हेही उत्तरच असतं. आता मला सांग, हा घराचा नंबर तुला दिला कुणी?"

"एक साइट आहे. आपण बाहेरून कोणत्या नंबरने दिसतो ते ती सांगते."

"आणि डबा काय म्हणतो? त्यालाही ठाऊक असेल की."

हे टाचणीने पाहिलंच नव्हतं. तिने डब्याचं पान उघडलं. जुनाट, राखाडी पान. त्याला घरचा जुनाच पासवर्ड पहिल्याच फटक्यात लागला होता, खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. 'बाहेरचा नंबर' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, असं काहीसं लिहिलेलं होतं. साइटवरचा आकडा अगदीच वेगळा होता.

टाचणीच्या कपाळावर आठी पडली. "आबा, एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्टने सुरू होणारे नंबर घरातल्या घरात वापरायचे असतात. बाहेरच्या जगात ते चालतच नाहीत. म्हणजे... या डब्याला जे बाहेर वाटतंय, ते बाहेर नाहीच. तिथे अजून घरच आहे!"

आबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"लिफ्टला दोन दारं असतात," ते हळूच म्हणाले. "एक गाडीचं, आतलं. एक मजल्याचं, बाहेरचं. गाडीचं उघडलं आणि मजल्याचं बंद राहिलं, तर माणूस समोर भिंत बघत उभा राहतो."

"म्हणजे आपल्याकडे दोन डबे आहेत? पण एकच तर आहे, तो दाराच्या वर!"

"टाचणे, कपाट सरकव."

कपाटाच्या मागे धुळीत एक चपटा काळा डबा होता. दारावरच्या डब्यातून निघालेली वायर आधी त्यात जात होती, मग तिथून कॉम्प्युटरकडे. तीन दिवस टाचणी दारावरचा डबा समजून ह्याचीच सेटिंग बदलत होती.

"हा कुणी लावला?"

"मी," आबा म्हणाले. "कंपनीने नवा डबा बसवला तेव्हा हा जुना चांगला चालत होता. प्रत्येक लिफ्टला दोन ब्रेक असतात. एक दगा देईल तेव्हा दुसरा धरतो. मला वाटलं, इथेही दोन असले तर बरं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या कंपनीच्या बाईशी आपण उगाच भांडलो, असं टाचणीला क्षणभर वाटलं. मग तिला ते 'तसंच आहे' आठवलं आणि मुळीच वाटेनासं झालं.

"काढते," ती वाकली.

"थांब. लावला मी, काढणारही मीच." आबा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. त्यांनी वायर सोडवली आणि जुना डबा फडक्याने पुसून मांडीवर ठेवला. दारावरच्या डब्यातली लांब वायर आता सरळ कॉम्प्युटरला लागली.

"आबा, पुन्हा नेट गेलं!" बाहेरून आई.

"बारावं आणि शेवटचं!" आबांनी ओरडून सांगितलं.

सव्वाचार. दारावरच्या डब्याचा पासवर्ड मात्र पहिल्या फटक्यात लागेना, दहाव्यातही लागेना.

"त्या बाई म्हणाल्यात, हात लावू नका," टाचणी म्हणाली.

"कागदावर काय लिहिलंय? तोंडी हुकमावरून मी कधी गाडी थांबवली नाही." आबांनी फायलीतून कनेक्शनचा करार काढला. टाचणीने बारीक अक्षरं बोटाने वाचत नेली. कलम नऊ: सेटिंग ग्राहक स्वतःच्या जबाबदारीवर बदलू शकतो. पासवर्ड डब्याच्या तळाशी. सर्व्हरला मनाई, असं कुठेच नव्हतं.

ती स्टुलावर चढली आणि तिने डबा उलटा केला. चिकटपट्टीवर सगळं स्वच्छ छापलेलं होतं.

"तळाशी लिहून ठेवतात आणि तोंडाने नाही म्हणतात!"

"जबाबदारी आता आपली. दार उघडण्याआधी दारवान नेम. येईल त्याला आत घ्यायचं नाही."

टाचणीने खेळात यादी केली: पाच नावं. यांच्याखेरीज कुणालाही प्रवेश नाही. मग डब्याचं पान उघडून आधी नंबर पाहिला. या वेळी डब्याचा आणि साइटचा आकडा तंतोतंत सारखा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोर्ट उघडला. आईच्या फोनवरून बटण दाबलं.

जोडता आलं नाही.

पावणेपाच झाले होते. तेवढ्यात दादाचा फोन. "काय गं, झाला का सर्व्हर? का पाठवू निमंत्रण?"

"पंधरा मिनिटं आहेत अजून. मिशीचा निरोप घे तोवर," टाचणीने त्याला सुनावलं आणि फोन ठेवला. मग मात्र तिने वही मिटून तोंडावर धरली. "आबा, ती बिचारी तिकडे एकटी बसलीये..."

"रडायचं असेल तर पाचनंतर रड, मीही बसेन सोबत. आता वही वाच. शेवटची बदललेली गोष्ट कोणती?"

"पोर्ट."

"त्याआधी?"

"वायर." ती थबकली. "वायर बदलली! कॉम्प्युटरला घरातला नंबर आधी कोण देत होतं? जुना डबा! आता नवा देतो. कॉम्प्युटरचा नंबर बदललाय, आणि मी जुन्याच नंबरच्या खोलीकडे माणसं पाठवतेय!"

"रिकाम्या खोलीकडे," आबा म्हणाले.

तिने कॉम्प्युटरचा नवा नंबर पाहिला, तो पुन्हा बदलू नये म्हणून डब्यात कायमचा बांधून टाकला आणि पोर्टपुढे तोच लिहिला. फोन आबांच्या हातात दिला. "तुम्ही दाबा. माझ्याच्याने होत नाही."

आबांनी चाळीस वर्षांच्या सवयीने अंगठ्याने, नीट, एकदाच बटण दाबलं.

चक्र फिरलं. आणि समोर बंदर उभं राहिलं. पाणी, बोटी, दीपस्तंभ.

टाचणीने किंकाळी फोडली. आईचं यंत्र थांबलं. पण टाचणी तोवर लिहीत होती: 'गोगलगाये, ये.'

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी स्क्रीनवर ओळ उमटली: गोगलगाय आत आली.

जिन्याच्या पायथ्याशी तिची ठोकळ्यांची आकृती उभी राहिली आणि चढू लागली. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. पाचला बाकीच्या तिघीही आल्या आणि तिच्या मागे तिच्याच चालीने चढू लागल्या. तिला ओलांडून कुणीही पुढे गेलं नाही.

फोन वाजला. आधी कंपनी. "मॅडम, तुमची तक्रार सुटली का?"

"सुटली. पण तुम्ही नाही सोडवलीत, तेवढं लिहून घ्या."

मग दादा. बराच वेळ तो नुसता खाकरत होता. "बरं... यादीत माझं नाव घालतेस का?"

"आधी फोटो पाठव."

"कसला?"

"वरच्या ओठाचा. आणि आमच्याकडे एकच नियम आहे, गोगलगायीच्या पुढे चढायचं नाही. जमणार असेल तर ये, नाहीतर बघत बस."

आबा कोपऱ्यात वहीत शेवटची ओळ लिहीत होते. टाचणीने वाकून पाहिलं. डावीकडे लिहिलं होतं: दुसरा डबा काढला. उजवीकडे: गाडी चालू. आणि खाली बारीक अक्षरात: दोष डबा लावणाऱ्याचा. डब्याचा नाही, पोरीचा तर नाहीच.

स्क्रीनवर गोगलगाय एकशे चाळिसाव्या पायरीवर पोचली होती.