काळ्या सुटातला पाहुणा

पायांत रबरी चपला घातलेल्या त्या माणसाने खुर्चीत रेलूनच हात वर केला आणि फिर्मिनूकडे बघत म्हटलं,

"दोन कॉफी. आणि बिल पण घेऊनच ये."

फिर्मिनू हात धुऊन आपल्या टेबलाकडे परत निघाला होता. तो जागच्या जागी थांबला. मागून कुणी वेटर येत असेल असं वाटून त्याने वळून पाहिलं, तर मागे नुसती भिंत होती. त्या माणसाच्या अंगात अर्धी चड्डी होती आणि वर बाह्यांचा पत्ता नसलेलं काहीतरी, ज्याला शर्ट म्हणणंही जिवावर येईल.

"मी इथे जेवायला आलोय," फिर्मिनू म्हणाला.

"अरे, सॉरी हं." तो माणूस हसला. "सूट बघून वाटलं."

सूट बघून वाटलं म्हणे. फिर्मिनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रागा शहरातल्या शिंप्याकडे तीन खेपा घालून त्याने हा काळा सूट शिवून घेतला होता, तोही ऐन जूनच्या उकाड्यात, लोकरीचा. चाळीस वर्षं फ्रान्समध्ये विटा रचून राठ झालेल्या बोटांना टायची गाठ काही जमेना, म्हणून सकाळी अर्धा तास आरशासमोर गेला होता. आता त्याने सगळ्या दालनावरून नजर फिरवली. खिडकीशी बसलेले टीशर्टात, मधल्या टेबलावरचे खेळाच्या बुटांत. दोरू नदीवरचं, पोर्तू शहरातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात महागडं हॉटेल, आणि टाय होते ते फक्त ताटं उचलणाऱ्यांच्या गळ्यात. आणि त्याच्या.

त्याची बायको देओलिंदा ऑलिव्हच्या बिया बशीच्या कडेला रांगेत लावत बसली होती. आज तिला सत्तर पूर्ण झाली होती. ती नेहमीच्या निळ्या फुलाफुलांच्या झग्यात आली होती आणि त्यावरून घरून निघताना दोघांची वादावादीही झाली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"वेटर समजला मला. तो तिकडचा नागडा."

तिच्या ओठांवर हसू आलं, ते तिने पावाच्या तुकड्याआड लपवलं.

"हसतेस?"

"अरे, चुकला बिचारा. बस आता."

तो बसला, पण पावाला हात लावला नाही. "दारातल्या पोरीला मी विचारलं, टाय ठीक आहे ना? तर म्हणते, इथे आता काहीही चालतं. काहीही चालतं! याच दारात, देओलिंदा. याच दारात."

देओलिंदाने आणखी एक बी रांगेत लावली. याच दारातली गोष्ट तिला पाठ होती. फ्रान्समध्ये, लियॉंला, नाताळच्या रात्री जेवणं झाली की फिर्मिनू ती सांगायचा आणि टेबलाभोवतीचे सगळे पोर्तुगीज गवंडी जिवाचा कान करून ऐकायचे. शेहेचाळीस वर्षांपूर्वी पंचविशीतला फिर्मिनू या दारात उभा राहिला होता. खिशात महिन्याची कमाई, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. पांढरे हातमोजे घातलेल्या दरवानाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हटलं, टाय नाही, आत सोडता येणार नाही. मागे रांगेत उभे असलेले खुसुखुसु हसले. तेव्हाच फिर्मिनूने ठरवलं, एक दिवस सूट घालून यायचं आणि मधल्या टेबलावर बसून खायचं. इथे गवंडी टाळ्या वाजवायचे. गोष्ट या वळणावर आली की देओलिंदा भांडी घासायला उठायची.

वेटर आला. पोरगेलासा होता, कॉलरपाशी घामाने भिजलेला.

"काय आणू, साहेब?"

"मालकाला आण," फिर्मिनू म्हणाला. "तेव्हा टाय नव्हता म्हणून मला हाकललंत. आता टाय आहे म्हणून कॉफी आणायला सांगता. नियम मोडीत काढलात ना? मग ज्यांना त्या नियमापायी परत पाठवलं, त्यांची माफी कुणी मागायची?"

"मालक तीनदा बदललेत, साहेब," वेटर खालच्या आवाजात म्हणाला. "आणि आम्हाला तर अजूनही टाय काढायची परवानगी नाही."

शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. फिर्मिनूने मांडीवरचा रुमाल टेबलावर फेकला आणि तो उभा राहिला.

"चल, ऊठ. यांच्याकडचं पाणीसुद्धा नको."

देओलिंदा उठली नाही. तिने वेटरकडे पाहिलं.

"बाळ, माझ्यासाठी भाजलेला कॉड मासा आण. बटाटे जास्त घाल."

वेटर एकदा तिच्याकडे, एकदा फिर्मिनूकडे बघून निघून गेला.

"मी काय म्हणतोय, कळतंय का तुला?" फिर्मिनूने दात ओठ खात विचारलं. "चारचौघांत माझा अपमान झालाय."

"झालाय. तेव्हाही झाला होता. तुला जायचं तर जा. मी जेवून येईन."

"अगं, पण..."

"मला भूक लागली होती, फिर्मिनू."

"आत्ता?"

"तेव्हा." तिचा आवाज चढला नाही, पण हातातला काटा तिने खाली ठेवला. "खाली नदीकाठी सार्डिन मासे भाजत होते. मी तुझी बाही ओढली. म्हटलं, मरू दे ते हॉटेल, इथेच बसून खाऊ. तू म्हणालास, आता घशाखाली घास उतरणार नाही. मला तशीच घरी घेऊन आलास आणि भिंतीकडे तोंड करून पडलास. सकाळी सातला तुझी फ्रान्सची गाडी होती. आणि नंतर तीन वर्षं भेट नाही. ती एकच संध्याकाळ होती माझ्याकडे, आणि ती तू त्या दरवानाला देऊन टाकलीस."

फिर्मिनूचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. दरवानाचे हातमोजे त्याला आजही जसेच्या तसे दिसत होते, त्यांची बटणंसुद्धा. सार्डिनचा धूर मात्र आठवेना. कुणी बाही ओढल्याचंही आठवेना.

तो खाली बसला.

मासा आला. देओलिंदाने तो बटाट्यांवरून ओढून घेतला, मधोमध फोडला आणि त्याच्यासाठी न थांबता खायला लागली. तिने दोन-तीन घास खाल्ले तरी तो तिच्या ताटाकडेच बघत होता.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" शेवटी त्याने विचारलं.

देओलिंदाने तोंडातला काटा काढून बशीच्या कडेला ठेवला.

"कुणाला बोलायचं? आपल्या थोरल्याने दहा-बारा वर्षांचा असताना तुझी ती गोष्ट ऐकली आणि स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, आई, त्या दिवशी तू कुठे होतीस?"